जीभ चार दिवसांत वळत नाही, दोन महिन्यांत वळते

पत्र : माझं वय ४८, सोलापुरात शाळेत शिकवते. दोन महिन्यांपूर्वी तपासणीत रक्तदाब १५२/९६ निघाला. नंतर दोनदा मोजला तरी तसाच. डॉक्टरांनी टेल्मिसार्टनची गोळी सुरू केली आणि मीठ कमी करा म्हणाले. माझं घोडं तिथेच अडलंय. मला गोडाचं वेड नाही, पण लहानपणापासून खारट, चमचमीत लागतं. ताटात लोणचं, शेंगा चटणी, पापड यातलं काहीच नसलं की जेवल्यासारखं वाटत नाही. शाळेतून आले की हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. डॉक्टरांचं ऐकून चार दिवस पूर्ण अळणी खाल्लं. पाचव्या रात्री ओट्यापाशी उभं राहून शेवेचं अख्खं पाकीट संपवलं आणि मग रडले. घरात आम्ही चौघं, महिन्याला एक किलो मीठ लागतं. सासूबाई म्हणतात शेंदेलोण वापर, त्यानं बीपी वाढत नाही. मुलगा म्हणतो कमी सोडियमचं मीठ आण. यांचं म्हणणं, तुझ्यामुळे आम्ही अळणी का खायचं? लोणचं कायमचं सोडायचं का? माझी जीभच वाईट आहे का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय असं पत्रावरून वाटलं. तुमची जीभ वाईट नाही. मिठातल्या सोडियमशिवाय माणूस जगू शकत नाही, म्हणून खारट चव आवडणं हे आपल्या शरीरातच आहे. पण किती खारट आवडावं, हे सवयीनं ठरतं. लहानपणापासून ताटाची डावी बाजू भरलेली असेल, तर जिभेला तेवढंच मीठ ‘बरोबर’ वाटायला लागतं आणि त्याहून थोडं कमी पडलं की ‘अळणी’.

पाचव्या रात्री शेवेचं पाकीट संपलं, त्यात तुमचा मनोनिग्रह कमी पडला असं मला वाटत नाही. पद्धत चुकली होती. आयुष्यभर भरपूर मीठ खाल्लेल्या जिभेला एका दिवसात शून्यावर आणलं की ती बंड करणारच. आणि चार दिवस हा काळ फार थोडा आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की काही महिने कमी मिठाचं जेवण घेतलेल्या माणसांना पूर्वीसारखं खारट नकोसं होतं, कमी मिठाचंच चविष्ट लागतं. हा बदल साधारण दोन ते तीन महिन्यांत होतो. तुम्ही चौथ्या दिवशी जिथे होतात तो या वाटेवरचा सगळ्यात कठीण टप्पा होता, आणि पुढे सोपं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा अळणी खाणं आजच बंद करा. पूर्ण अळणी कुणीही सांगितलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यात स्वयंपाकातलं, ताटातलं आणि पाकिटातलं असं सगळं मीठ आलं. आपल्या देशात सरासरी माणूस ८ ग्रॅमच्या आसपास खातो.

तुमच्या घरचा हिशेब तुम्हीच पत्रात लिहिला आहे. महिन्याला एक किलो, चार माणसं, म्हणजे दिवसाला साधारण ३३ ग्रॅम, माणशी ८ ग्रॅमच्या वर. लोणच्याला, भाज्या धुवायला थोडं गेलं असेल ते वजा करा. पण मग फरसाण, पाव, बिस्किटं, विकतचे पापड यांतलं मीठ त्यात मिळवा, ते या पाकिटातून आलेलंच नाही. म्हणजे तुमचं घर काही फार वेगळं नाही. बहुतेक मराठी घरांत हाच आकडा निघेल.

आता करायचं काय, ते सांगते. सकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी दिवसभराचं मीठ एका छोट्या वाटीत काढायचं. चहाचा चमचा घ्या, वरून सुरीनं सपाट करा. एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. पहिले दोन आठवडे चौघांचं मिळून सहा चमचे. म्हणजे सध्यापेक्षा जेमतेम दहावा हिस्सा कमी, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आमटी, भाजी, कोशिंबीर, चटणी, ताक, जे काही घरात होईल त्यातलं मीठ या वाटीतूनच जाईल. पाकीट फडताळात वर ठेवून द्या. दोन आठवड्यांनी पाच चमचे. आणखी दोन आठवड्यांनी चार. मग साडेतीनवर या आणि तिथेच थांबा, कारण बाहेरच्या खाण्यातलं मीठ त्यावर असणारच. म्हणजे दोन महिन्यांत तुम्ही जवळजवळ निम्म्यावर आलात, तेही एकदाही अळणी न जेवता. मधे एखाद्या टप्प्यावर फारच बेचव वाटलं तर तिथे आणखी आठवडाभर थांबा, मागे मात्र जाऊ नका.

वाटीचा आग्रह मी यासाठी धरतेय की आपल्या घरांत मीठ अंदाजानं पडतं. सवयीचा हात बरणीत जातो आणि नेहमीएवढंच मीठ घेऊन बाहेर येतो, कमी करायचं कितीही ठरवलेलं असो. वाटीत मोजकंच असलं की हात आपोआप आखडता होतो.

यांची तक्रार आहे की त्यांनी का अळणी खायचं. त्यांना सांगा, अळणी कुणीच खाणार नाहीये, आणि ज्याला हवं त्याच्यासाठी ताटात मीठ वाढलेलं असेल. डाव्या बाजूला मीठ वाढायची आपली पद्धत इथे फार कामाला येते. १९८७ मध्ये असा एक प्रयोग झाला होता. लोकांच्या जेवणातलं मीठ जवळजवळ निम्मं केलं आणि वरून हवं तेवढं घ्यायची मोकळीक दिली. जेवढं मीठ काढलं होतं, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंसुद्धा लोकांनी परत घेतलं नाही. शिवाय वरून घेतलेला कण थेट जिभेला लागतो, त्यामुळे चिमूटभरानं भागतं. भाजीत शिजून गेलेल्या मिठाचं तसं नसतं. दोन वेगळे स्वयंपाक करू नका. तुमच्या एकटीसाठी वेगळं पातेलं चढलं की तुम्ही घरातल्या आजारी होता, आणि ते पातेलं महिनाभरही चालत नाही. मुलाचं वय काय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याची जीभ आत्ताच कमी मिठाला सरावली तर ४८ व्या वर्षी त्याच्यावर ही वेळ यायची शक्यता कमी होईल.

आता चवीबद्दल, कारण खरी लढाई तिथे आहे. मीठ काढलं आणि त्या जागी काहीच घातलं नाही, तर जेवण मिळमिळीत होणारच. आंबट चव मिठाची उणीव सगळ्यात चांगली भरून काढते. आमटीत दोन आमसुलं जास्त टाका, भाजीवर वाढताना लिंबू पिळा, भरल्या वांग्यात चिंच थोडी वाढवा. तुमच्या सोलापूरकडे लसूण, जिरं, तीळ, कारळं, शेंगदाण्याचा कूट हे सगळं हाताशी असतं. जिरं कोरडं भाजून जाडसर कुटून घातलं की त्याचा वास मिठाचं अर्धं काम करतो. फोडणीत हिंग आणि लसूण जरा पुढे जाऊ द्या, म्हणजे चांगला खरपूस. मीठ नेहमी शेवटी घाला, विशेषतः पालेभाजीत. कच्ची मेथी किंवा पालक कढईत डोंगराएवढी दिसते, त्या अंदाजानं मीठ पडतं, आणि मग ती मूठभर होऊन बसते.

भाकरीत मीठ घालायची गरज नाही. पोळीच्या कणकेत आणि भातात घालत असाल तर तिथलं मीठ सगळ्यात आधी बंद करा. त्यांच्याबरोबर खारट काहीतरी असतंच, त्यामुळे हे गेलेलं कळतही नाही. ताक बिनमिठाचं करा, पण आलं, जिरं, कोथिंबीर आणि चिमूटभर हिंग घालून. आठवडाभर पचनी पडायला वेळ लागेल, नंतर तेच आवडतं.

शेंगा चटणीबद्दल मी तुम्हाला सोड म्हणणार नाही. सोलापुरात राहून शेंगा चटणी नाही, असं जेवण काय कामाचं! ती घरी करा मात्र. शेंगदाणे मंद आचेवर चांगले खमंग भाजा, लसूण नेहमीच्या दीडपट, जिरं, लाल तिखट, आणि उखळात किंवा खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटा. मीठ तुमच्या नेहमीच्या निम्मं, तेही त्या दिवसाच्या वाटीतून. कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, तिची चव जिभेवर रेंगाळते, त्यामुळे मीठ कमी असलं तरी ती पोकळ लागत नाही. दह्यात कालवून खाल्लीत तर आणखी उत्तम. ठेच्याचंही तसंच, मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा आणि मिठाच्या जागी लिंबू वाढवा.

पापडाचं मला जरा स्पष्ट बोलायला हवं. त्यात मीठ असतंच, शिवाय पापडखार असतो, आणि तोही सोडियमच. तळण्याऐवजी भाजला म्हणून तेल वाचतं, मीठ तेवढंच राहतं. रोजच्या ताटातून पापड काढाच, सणावाराला खा. खायच्या सोड्याचंही हेच, तो खारट लागत नाही पण त्यात सोडियम भरपूर असतं. विकतचा ढोकळा, भजी, पित्तावर घेतात ते फसफसणारं चूर्ण, पाण्यात विरघळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, या सगळ्यांतून सोडियम जातं. डोकं दुखलं की तशी गोळी पाण्यात टाकायची सवय असेल तर डॉक्टरांना सांगून साधी गोळी घ्या.

फरसाणाच्या डब्याकडे वळते. शाळेतून आल्यावर जो हात तिकडे जातो, तो बऱ्याचदा भुकेनं जातो. डबा किती वाजता खाता हे तुम्ही लिहिलं नाही, पण सकाळी लवकर जेवून दुपारभर उभं राहून शिकवलं असेल, तर पाच वाजता सडकून भूक लागणारच. भुकेल्या पोटी खारट, कुरकुरीत आणि तेलकट असं एकत्र समोर आलं की थांबता येत नाही, कुणालाच नाही. म्हणून आधी भूक भागवा. बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे पर्समध्ये ठेवा आणि शाळेतून निघतानाच मूठभर खा. घरी आल्यावर चुरमुरे, बारीक कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, आणि त्यावर दोन चमचे शेव किंवा फरसाण. फरसाण हे असं वरून भुरभुरायचं, वाटीभर घेऊन बसायचं नाही, आणि पाकिटातून थेट तर कधीच नाही. त्या चुरमुऱ्यांत वेगळं मीठ घालू नका, फरसाणातलं पुरतं. काकडी किंवा पेरूला तिखट आणि लिंबू लावलं तरी चालतं. चाट मसाला मात्र जपून, त्यात मीठ पुष्कळ असतं.

पाकीट घेताना मागची बाजू वाचायची सवय लावा. तिथे मीठ लिहिलेलं नसतं, १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम ते असतं. त्या आकड्याला अडीचनं गुणा, मीठ किती ते मिळेल. समजा ८०० लिहिलंय, तर २,००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम मीठ. शंभर ग्रॅम शेव उभ्या उभ्या संपते हे तुम्ही जाणताच, आणि तेवढ्यानं दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा वाटा जातो. दोन कंपन्यांच्या एकाच पदार्थात यात दुपटीचा फरक असू शकतो, तेव्हा तुलना करून घ्या. झटपट नूडल्सच्या एका पाकिटातही सहज दोन ग्रॅम मीठ जातं, त्यातलं बरंचसं मसाल्याच्या पुडीत. मुलगा खात असेल तर अर्धीच पुडी टाकायला सांगा.

सासूबाईंच्या शेंदेलोणाबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि उपवासाला ते वापरायला हरकत काहीच नाही. पण शेंदेलोण, काळं मीठ, गुलाबी मीठ हे सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग आणि वास वेगळा, रक्तदाबावर परिणाम जवळपास तोच. उलट ‘हे चालतं’ म्हणून हात सैल सुटतो. शिवाय साध्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, शेंदेलोणात सहसा नसतं, म्हणून रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा, फक्त कमी. हे सासूबाईंना वाद घालून पटणार नाही. त्यांचाही रक्तदाब एकदा मोजून आणा आणि मग वाटीचं काम त्यांच्याच हाती सोपवा. त्या पिढीच्या बायकांना मोजूनमापून संसार करणं आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

मुलाची सूचना वेगळी आहे आणि तिला मी जास्त जपून उत्तर देते. कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१,००० लोकांवर पाच वर्षं अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले, रक्तदाब असलेले असे ते लोक होते. अशा मिठानं त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. म्हणजे गोष्ट खोटी नाही. पण तुम्ही टेल्मिसार्टन घेता. ही गोळी शरीरातलं पोटॅशियम बाहेर पडणं कमी करते, आणि वरून मिठातून पोटॅशियम गेलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर हा धोका फारच वाढतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते यावरून कळतं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून, डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. सासूबाईंच्या औषधांचीही चौकशी करा, कारण पातेलं एकच आहे.

सोलापूरचा उन्हाळा लक्षात घेऊन एक सांगते. उन्हात घाम येतो म्हणून रोज वरून मीठ खायची गरज तुमच्यासारख्या शाळेत काम करणाऱ्या माणसाला नाही, जेवणातलं पुरतं. पण जुलाब-उलट्या झाल्या, किंवा उन्हात राबून चक्कर आली, तर रक्तदाबाच्या भीतीनं ओआरएस नाकारू नका. ते त्या वेळचं औषध आहे.

तुमची खारटाची ओढ लहानपणापासूनची आहे, म्हणून मी तिला सवय म्हणतेय. कुणाला ती अचानक सुरू झाली असेल, सोबत सतत थकवा, वजन उतरणं, उभं राहिल्यावर चक्कर आणि हाताच्या रेषा किंवा हिरड्या काळसर पडणं असं काही असेल, तर ती अॅड्रिनल ग्रंथीच्या आजाराची खूण असू शकते. इतर वाचकांनी हे लक्षात ठेवावं आणि अशा वेळी मीठ कमी न करता आधी डॉक्टरांकडे जावं.

गोळी मनानं बंद करू नका, रक्तदाब छान आला तरीही. मोजण्याचं यंत्र घरात असेल तर सकाळी चहा आणि गोळीच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, दोनदा मोजा आणि वहीत लिहा. मिठाचा परिणाम बऱ्याचदा काही आठवड्यांतच दिसायला लागतो. आकडे फार खाली येऊ लागले, उठताना अंधारी आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळीचं प्रमाण तेच ठरवतील.

आणि लोणचं. कायमचं सोडायचं नाही. चमचाभर लोणच्यात एक-दीड ग्रॅम मीठ सहज असतं, आणि त्यातलं बरंचसं खारात, म्हणून खार निथळून एकच फोड घ्या. ती ज्या जेवणात दुसरं खारट काही नाही तिथे ठेवा, बिनमिठाच्या दहीभाताबरोबर किंवा मुगाच्या खिचडीबरोबर, आणि खिचडीतलं मीठ त्या हिशेबानं कमी करा. वर्षाचं लोणचं घालताना मात्र मीठ कमी करायला जाऊ नका, मिठावरच ते टिकतं, नाहीतर बुरशी धरेल. त्यापेक्षा बरणी लहान घ्या. रोजच्यासाठी ताजं लोणचं करा : कैरी, गाजर किंवा फ्लॉवरच्या बारीक फोडी, मोहरीची डाळ, हळद, तिखट, भरपूर लिंबू, गार केलेली फोडणी आणि चवीपुरतं मीठ. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस उत्तम राहतं, आणि घरातले सगळेच खातात, त्यामुळे तेवढे दिवस ते उरतही नाही.